पगार कार्डाला मिळतो

मला बोलता येतं. बढाई म्हणून नाही, खोड म्हणून सांगते आहे. कोकणातल्या आमच्या तालुक्यात शाळाशाळांच्या वादविवाद स्पर्धा व्हायच्या आणि कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. दूरदर्शन शाप आहे, असं सांगून मी सातवीत ढाल आणली. ते वरदान आहे, असं सांगून आठवीत आणली. दोन्ही वेळा बाईंनी पाठ थोपटली आणि दोन्ही वेळा आईने गूळशेंगदाण्याचे लाडू केले. बाजू वेगळी आणि मत वेगळं, हे मी असं लहानपणीच शिकले, आणि त्यात काही खोट आहे असं सांगणारं पुढची पस्तीस वर्षं कोणी भेटलं नाही.

लग्नानंतर सिल्वासाला आले. नवरा इथल्या सरकारी शाळेत मराठीचा शिक्षक. मुलगी पाचवीत गेल्यावर मी माझी रसायनशास्त्राची पदवी ट्रंकेतून काढली आणि मसाटला एका पॉलिस्टर धाग्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. काम सरळ होतं. सकाळी खात्याखात्यांत हिंडून धाग्याच्या बॉबिनी गोळा करायच्या, त्यांची जाडी, ताकद, रंग तपासायचा आणि दोष सापडला की लाल शेरा मारून माल परत पाठवायचा. दोष काढण्यात माझा हात कोणी धरत नाही, असं खात्यातले पुरुष म्हणत. घरीही हेच मत होतं, फक्त सूर वेगळा होता.

आमच्याकडे महिला दिन म्हणजे एक गुलाब, एक समोसा आणि सगळ्यांनी एका रंगाची साडी नेसून काढलेला फोटो. रांगोळी बायकांनी काढायची, खुर्च्या बायकांनी पुसायच्या आणि मग त्याच बायकांनी त्या खुर्च्यांवर बसून आपला सत्कार करून घ्यायचा. त्या वर्षी मात्र परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने भलामोठा फॉर्म पाठवला. त्यात एक प्रश्न होता, स्त्रियांच्या सक्षमीकरणासाठी तुमच्या कारखान्यात काय केलं जातं. उत्तराला सहा ओळी आणि खाली फोटोसाठी चौकट. समोशाचं वर्णन सहा ओळी पुरेना. तेव्हा मुंबईहून नव्याने आलेल्या एचआर साहेबांनी ठरवलं की यंदा वादविवाद स्पर्धा घ्यायची. साहेब तिशीच्या आतले, सज्जन, प्रत्येकाला अहो-जाहो करणारे. त्यांना मनापासून काहीतरी करायचं होतं. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

विषय त्यांनीच काढला. ‘आपल्या कंपनीत समान कामाला समान पगार मिळतो.’ तिघे बाजूने, तिघे विरुद्ध, प्रत्येकी पाच मिनिटं, भाषा हिंदी, मराठी, गुजराती कुठलीही चालेल. पहिलं बक्षीस मिक्सर. परीक्षक तिघे, तिघेही पुरुष, कारण त्या दर्जाची बाई कंपनीत नव्हती. ही गोष्ट त्यांनी इतक्या सहज सांगितली की आम्हीही सहज ऐकली.

चिठ्ठ्या सेफ्टी हेल्मेटमध्ये घालून फिरवल्या. माझ्या चिठ्ठीवर ‘बाजूने’ निघालं. मला काही वाटलं नाही. ‘विरुद्ध’ निघालं असतं तरी काही वाटलं नसतं.

धागा बॉबिनींवर गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातून जिचं नाव आलं होतं तिला ‘विरुद्ध’ निघालं. तिशी उलटलेली, नंदुरबारकडची, किलवणीत एका खोलीत नवरा आणि दोन मुलांसह राहणारी. खात्यातल्या बाकीच्यांनी डोकेदुखीपासून सासूच्या वर्षश्राद्धापर्यंत कारणं देऊन आपली सुटका करून घेतली होती. हिला कारण सुचलं नाही, म्हणून ही सापडली. मी तिला रोज बघत होते, कारण तीन नंबरच्या मशीनवरच्या बॉबिनी मी तिच्याच हातून घ्यायचे.

त्या तीन नंबरबद्दल सांगायला हवं. वाइंडिंगच्या प्रत्येक मशीनवर एक ऑपरेटर आणि एक हेल्पर असतो. ऑपरेटरने मशीन चालवायचं, हेल्परने त्याच्या हाताखाली बॉबिनी आणायच्या, न्यायच्या, खालचा कचरा गोळा करायचा. तीन नंबरचा ऑपरेटर म्हणून ज्याची नोंद होती त्याला रोज सकाळी शेजारच्या शेडमध्ये पाठवत, तिथे माणसं कमी पडत म्हणून. मग मशीन ही चालवायची. धागा तुटला की गाठ हिची, ताण कमीजास्त झाला की दुरुस्ती हिची. चार वर्षं असं चाललं होतं आणि तिच्या कार्डावर ‘हेल्पर’ होतं. तो ऑपरेटर पाळी संपताना यायचा, किती किलो झालं ते विचारायचा आणि घरी जायचा. वाईट माणूस नव्हता. दिवाळीला तिच्या मुलांना फुलबाज्या द्यायचा.

जानेवारीत तिने अर्ज केला होता, आपल्याला ऑपरेटरचं कार्ड मिळावं असा. निकाल एप्रिलमध्ये, पगारवाढीच्या वेळी लागणार होता. दोन कार्डांच्या पगारातल्या फरकात तिच्या खोलीचं भाडं निघालं असतं आणि वर मुलीची शिकवणी. मुलगी आठवीत, गणितात मागे. सुपरवायझरने तिला आधीच समजावलं होतं, बेन, ऑपरेटरला तिन्ही पाळ्या कराव्या लागतात, लेडीजला रात्रपाळी नाही, म्हणून लेडीज ऑपरेटर नाही. तो ऑपरेटर रात्रपाळीत कधी दिसल्याचं कोणाला आठवत नव्हतं, पण त्याला येता आलं असतं, हे महत्त्वाचं.

ती जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दाराशी आली. तिने आयुष्यात कधी माइक हातात धरला नव्हता. मी तिला भाषण लिहून द्यावं, एवढीच विनंती होती. मी बाजूने बोलणार हे तिला ठाऊक होतं. पण तिच्या ओळखीत लिहिणारी मीच, आणि दोन्ही भाषणं एकाच बाईने लिहिण्यात तिला काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. उलट मला गंमत वाटली. प्रतिस्पर्ध्याचं भाषण आपणच लिहायचं, अशी संधी तालुक्याच्या स्पर्धेतही कधी मिळाली नव्हती.

तीन दिवस ती डबा खाता खाता सांगत होती आणि मी लिहून घेत होते. घर सांभाळून नोकरी, बाळंतपणात तुटलेली नोकरीची सलगता, बायकांचे हात बारीक म्हणून बारीक कामं बायकांना आणि मोठा पगार मोठ्या कामांना. हे सगळं मी छान भाषेत बसवलं. मग तिसऱ्या दिवशी तिने तीन नंबरचं सांगितलं. मशीन मी चालवते आणि रजिस्टरमध्ये नाव त्याचं जातं.

मी पेन थांबवलं. कारण मला ताबडतोब कळलं की याला माझ्याकडे उत्तर नाही. बाकीच्या सगळ्या मुद्द्यांची उत्तरं माझ्या भाषणात तयार होती. एवढ्याला नव्हतं.

मी तिला म्हटलं, याला पुरावा काय. ती म्हणाली, “ताई, पुरावा आहे ना, रजिस्टरच आहे, त्यात मीच...” आणि मी घड्याळाकडे बघितलं. वेळ पाचच मिनिटं असते, म्हटलं, एकाच मशीनचं रडगाणं नको, मुद्दा सर्वांचा पाहिजे, टाळ्या त्याला पडतात. तिने मान हलवली. मी अनुभवी होते. तो मुद्दा मी लिहिला नाही.

घरी मी माझं भाषण नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने सवयीने दोन ठिकाणी वाक्य छाटलं. मग चष्मा काढून विचारलं, “छान आहे. खरं आहे का?” मी म्हटलं, खरं कशाला, बाजूने आहे. तो हसला आणि वह्या तपासायला लागला. तीस मुलांनी ‘माझा आवडता पक्षी’ म्हणून मोर लिहिला होता आणि त्यातल्या निम्म्यांनी मोर बघितला नव्हता, असं तो त्यानंतर बराच वेळ सांगत होता. त्याचा रोख कुठे आहे ते मला समजलं, पण मी न समजल्यासारखं केलं.

स्पर्धा कँटीनमध्ये झाली. सकाळपासून रांगोळी काढून पाठी आखडलेल्या बायका पुढच्या रांगांत, पाळी सुटलेले पुरुष मागे भिंतीला टेकून. विरुद्ध बाजूने बोलायला एक पुरुषही होता, स्टोअरमधला. तो पाच मिनिटं आपल्या आईबद्दल बोलला, ती किती कष्ट करायची ते सांगताना रडला, आणि पगाराचा शब्दही न काढता दुसरं बक्षीस घेऊन गेला. वाइंडिंगवाली तिसरी उभी राहिली. माझं भाषण तिने पाठ केलं होतं. माझे शब्द तिच्या तोंडात परक्याच्या चपलांसारखे वाजत होते. दोनदा अडखळली, एकदा ‘सक्षमीकरण’ म्हणताना थांबून पुन्हा म्हणाली. मागून कोणीतरी हसलं. तिने शेवटपर्यंत नेलं आणि बसली. बसताना माझ्याकडे बघितलं, बरं झालं का असं विचारल्यासारखं. मी अंगठा दाखवला.

मग मी बोलले. प्रत्येक मुद्दा कुठे ढिला आहे ते मला माहीत होतं, तो ढिला मीच ठेवला होता. एकेक सोडवत गेले आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, “आपल्या कंपनीत पगार माणसाला मिळत नाही आणि बाईलाही मिळत नाही. पगार कार्डाला मिळतो. कार्डावर ऑपरेटर असेल तर ऑपरेटरचा, हेल्पर असेल तर हेल्परचा. आणि त्या कार्डावर स्त्री की पुरुष, असा रकानाच नाही.” टाळ्या थांबेनात. सगळ्यात जास्त पुढच्या रांगांतून आल्या. तिनेही वाजवल्या. मिक्सर तीन भांड्यांचा होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा दाराशी आली. हातात डबा नव्हता. अर्जावर बोलायला साहेबांनी तिला बोलावलं होतं आणि ती तिथूनच येत होती.

“ताई, साहेबांनी तुमचं भाषण मला वाचून दाखवलं,” ती म्हणाली. “कागदावर छापेल आहे. परदेशात पण पाठवलं. म्हणे, मॅडमनी किती सोपं करून सांगितलं, पगार कार्डाला असते. आणि म्हणे, बेन, तुमचं कार्ड हेल्परचं आहे. मग मी काय बोलणार? मी पण टाळ्या वाजवेल होत्या.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उलट बोलले असते, मला ते येतं. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. मशीनवर कोणी नाही, म्हणाली. मग मीच उठले, एप्रन काढला आणि तिला म्हटलं, चल.

साहेबांनी आम्हा दोघींना बसायला सांगितलं, चहा मागवला. मी सुरुवात जोरात केली. भाषणाची बाजू चिठ्ठीने ठरली होती, ते माझं मत नव्हतं, स्पर्धेतलं बोलणं कोणी कामाच्या कागदाला जोडतं का. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग मॅडम, तुमचं मत काय आहे?”

साधा प्रश्न होता. इतक्या ढाली, इतके करंडक, आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, तीन नंबरचं मशीन या चालवतात. मी रोज सकाळी तिथे जाते. बॉबिनी यांच्या हातून घेते. चार वर्षं बघते आहे.

साहेबांना आश्चर्य वाटलं, आणि ते खरं होतं. ते म्हणाले, एवढा महत्त्वाचा मुद्दा असताना विरुद्ध बाजूने तो मांडलाच नाही. मी स्वतः हजर होतो, मी टिपणं काढली आहेत. यांनीच भाषण केलं, त्यात हे नाही.

ती खाली बघत होती. तिला सांगता आलं असतं, पण तिने माझी अब्रू झाकली.

“ते भाषण मी लिहिलं होतं,” मी म्हटलं. “यांनी मला हे सांगितलं होतं. मी गाळलं. मला त्याचं उत्तर देता येत नव्हतं आणि मला जिंकायचं होतं.”

हे बोलताना मला लाज वाटली. चहा आला. कोणी घेतला नाही.

साहेब उठले आणि वाइंडिंगची रजिस्टरं मागवली. चारही वर्षांची आली, कडा काळ्या झालेली. त्यांनी पानं उलटली. तीन नंबरसमोर ऑपरेटरच्या रकान्यात रोज त्या माणसाचंच नाव. त्यांनी रजिस्टर आमच्याकडे फिरवलं आणि खरोखरच्या वाईट वाटण्याने म्हणाले, मॅडम, तुमचा शब्द मी मानतो, पण लेखी हे आहे. याच्या पुढे मी काय करू.

मी तोंड उघडलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला. “ताई, तुम्ही राहू द्या. मी बोलते.”

मग ती साहेबांना म्हणाली, “साहेब, हे नाव मीच लिहून राहिली. तो माणूस दुसऱ्या शेडमध्ये. त्याला लिहायला वेळ कुठे? सुपरवायझर म्हणे, तू लिहून टाक त्याचं नाव. मग रोज मी लिहिते. किलो मी लिहिते, टाइम मी लिहिते, धागा किती वेळा तुटला ते मी लिहिते. माझा अर्ज काढा तुमच्या फाइलीतून. तो पण माझ्याच हातचा आहे. अक्षर पाहून घ्या.”

साहेबांनी अर्ज काढला आणि रजिस्टरशेजारी ठेवला. बारीक, उजवीकडे झुकलेलं, शिरोरेघ न तोडता सलग काढलेलं अक्षर. अर्जातही तेच, रजिस्टरमध्येही तेच. हजेरीप्रमाणे ज्या दिवशी तो माणूस सुट्टीवर होता त्या दिवशीही तेच, त्याच्याच नावाने. साहेबांनी चारही रजिस्टरं मधूनमधून उघडून बघितली.

आणि मी, जिचा दोष काढण्यात कोणी हात धरत नाही, ती रोज सकाळी त्याच पानावरून लॉट नंबर उतरवून घेत होते. चार वर्षं. ते अक्षर बाईचं आहे, हे मला दिसलं नव्हतं. ती मला हेच सांगत होती तेव्हा मी घड्याळ बघत होते.

तिला कार्ड मिळालं, पण लगेच नाही. आधी आठ दिवस दोन सुपरवायझरांसमोर मशीन चालवून दाखवायचं ठरलं. अशी चाचणी कुठल्या पुरुषाची झाल्याचं कोणाला आठवेना, पण साहेब म्हणाले, कोणी बोट दाखवायला नको. ज्या मशीनवर तिने चार वर्षं काढली तेच मशीन तिने आठ दिवस आणखी चालवलं, दोघे खुर्च्या टाकून बघत बसले आणि पास झाली असं त्यांनी लिहून दिलं. रात्रपाळीचं पुढे बघू, असं ठरलं. त्या परदेशी फॉर्मला एक पान जोडलं गेलं, वादविवाद स्पर्धेच्या प्रेरणेने एका महिला कर्मचाऱ्याची बढती. खाली आम्हा दोघींचा फोटो, मी तिच्या हातात गुलाब देताना. तो गुलाब ऐन वेळी कोणाच्या तरी टेबलावरून उचलून आणला होता.

मी तिची माफी मागितली. प्रयोगशाळेत दार लोटून, साध्या शब्दांत, एकही वाक्य न सजवता. ती म्हणाली, जाऊ द्या ताई, झालं ना काम. तिने ते मनापासून म्हटलं असं मी धरून चालले, कारण तसं धरणं मला सोयीचं होतं. त्यानंतरही ती रोज बॉबिनी द्यायची, मुलीला गणितात किती मिळाले ते सांगायची. डबा मात्र खात्यातच खायला लागली.

जूनमध्ये एकदा मी तिला एचआरच्या दाराबाहेर बाकावर बसलेली बघितलं. हातात कागद होता. मी विचारलं, काय गं, आता काय. ती म्हणाली, मागच्या चार सालांचा फरक मागून राहिली. मशीन चालवेल आहे तर पैसा पण तेव्हाचा पाहिजे.

माझ्या अंगात उत्साह संचारला. केवढा मुद्दा होता. मी तिच्या शेजारी बसले आणि हात पुढे केला. दाखव बघू, मी नीट करून देते, म्हटलं, सुरुवात अशी पाहिजे की त्यांना नाही म्हणताच येणार नाही.

तिने कागदाची घडी घातली. एक आणि मग आणखी एक.

“नको ताई,” ती म्हणाली, अगदी गोड आवाजात. “लिहिलं मी.”

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. ती उठली, ओढणी सारखी केली आणि आत जाऊन मागे दार लावून घेतलं. मला ते लागलं, आणि कोणाकडे तक्रार करावी असं ते लागणं नव्हतं. मी बाकावरच बसून राहिले. आत तिचा आवाज चालला होता, न थांबता, पाच मिनिटांच्या पलीकडे, आणि दाराबाहेर मला त्यातला एक शब्दही कळत नव्हता.